दोन वाइन आणि चार लेबले

वाइनरीच्या मालकांनी काम सोपवले तेव्हा त्यांच्याकडे नावे ठरलेली होती, मनात एक चित्र होते आणि सोनेरी रंगाची हौस होती. मी मात्र सर्वांत आधी मागितल्या त्या रिकाम्या बाटल्या. पुस्तकांची मुखपृष्ठे आणि निरनिराळ्या मालाची वेष्टने करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि सपाट कागदावर देखणी दिसणारी रचना वस्तूच्या अंगावर चढली की तिचे काय होते, हे मी त्या काळात पुरेसे पाहिले आहे. वाइनच्या लेबलाचे हे माझे पहिलेच काम. एक पांढरी वाइन आणि एक लाल, प्रत्येकीचे पुढचे आणि मागचे लेबल, अशी एकूण चार लेबले करायची होती. त्यांतले जवळपास निम्मे निर्णय मी घेतले आणि उरलेले काचेने, पाण्याने आणि यंत्राने घेतले. त्या उरलेल्यांबद्दलच मुख्यतः लिहायचे आहे, कारण लेबलांविषयीच्या लेखनात त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

लाल वाइन बोर्दो पद्धतीच्या बाटलीत भरायची होती. तिचे खांदे उंच व ठळक असतात आणि खांद्याखालचे अंग सरळ असते. पांढरीसाठी बर्गंडी पद्धतीची, मानेपासून हळूहळू उतरत येणाऱ्या खांद्यांची बाटली निवडली होती. ती बुडाशी थोडी अधिक रुंद असते आणि तिच्या अंगाचा नेमका किती भाग सरळ आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. कागदाची सरळ कापलेली पट्टी बाटलीभोवती ताणून गुंडाळायची आणि तिची टोके एकमेकांवर कशी बसतात ते पाहायचे. अंग सरळ असेल तर दोन्ही टोकांच्या कडा एका रेषेत येतात. बाटली तिथे किंचितही निमुळती असेल तर कडा तिरप्या होऊन एकमेकींना छेदतात. पट्टी खालून वर सरकवत नेली तेव्हा बर्गंडी बाटलीवर एका विशिष्ट उंचीनंतर कडा बिनसू लागल्या. तिथे मी काचेवर पेन्सिलीने खूण केली आणि पांढऱ्या वाइनच्या लेबलाची वरची मर्यादा ठरून गेली. त्या रेषेच्या वर सरळ आयत चिकटवला असता, तर त्याची दोन्ही टोके खाली झुकलेली दिसली असती आणि वरच्या कडेला सुरकुत्या पडल्या असत्या. निमुळत्या भागावर लेबल हवेच असेल तर ते कमानदार कापावे लागते, आणि मग त्यावरच्या अक्षरांच्या ओळीही वळवाव्या लागतात. ती हौस इथे कोणालाच नव्हती.

रुंदीचा हिशोब याहून रंजक निघाला. बोर्दो बाटलीचा व्यास साधारण ७५ मिलिमीटर, म्हणजे घेर २३५ मिलिमीटरच्या आसपास. पुढचे लेबल ९० मिलिमीटर रुंद धरले तर ते घेराचा पाचात दोन हिश्शांहून थोडा कमी भाग व्यापते, आणि ऐकायला हे माफक वाटते. प्रत्यक्षात बाटलीसमोर उभे राहिले की लेबलाच्या अगदी कडेचा एक मिलिमीटर आपल्याला जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर एवढाच दिसतो, कारण तिथे काच आपल्यापासून जवळपास पूर्ण वळलेली असते. म्हणून नाव, वर्ष आणि जे काही एका नजरेत वाचले गेले पाहिजे ते सर्व मधल्या ६० मिलिमीटरांत बसवायचे, आणि कडेच्या भागात नक्षी, पोत किंवा नुसता कोरा कागद ठेवायचा, असा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला. याखेरीज बाटलीला साच्याचे दोन उभे सांधे असतात. बोट फिरवले की ते जाणवतात, आणि सांध्यावर लेबल आले की तिथे कागद उचलला जातो. दोन सांध्यांमध्ये साधारण ११७ मिलिमीटर जागा मिळते. लेबल नेमके त्या जागेतच पडावे म्हणून काही बाटल्यांच्या बुडाशी एक छोटी खाच असते. लेबल लावणारे यंत्र बाटली फिरवते, खाच सापडली की थांबवते आणि मगच कागद चिकटवते. आमच्या बाटल्यांना अशी खाच आहे की नाही हे बाटल्यांची मागणी नोंदवण्याआधीच विचारून घेतलेले बरे पडले.

मागच्या लेबलाला मी सुरुवातीला हात लावला, पुढच्याला नंतर. हा क्रम उलटा वाटेल, परंतु मजकुराची सक्ती कुठे किती जागा खाणार आहे हे कळल्याशिवाय उरलेली जागा माझी म्हणता येत नाही. ही वाइन युरोपीय बाजारात जायची होती, त्यामुळे तिथले नियम लागू होते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण सांगणारे आकडे किमान ३ मिलिमीटर उंच हवेत आणि आकारमानाचे आकडे किमान ४ मिलिमीटर. सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारे गंधकाचे संयुग, लिटरला १० मिलिग्रॅमहून अधिक असेल तर तसे लिहावे लागते, आणि ते बहुतेक वाइनमध्ये असतेच. ८ डिसेंबर २०२३ पासून तयार होणाऱ्या वाइनसाठी घटक व पोषणमूल्ये देणेही बंधनकारक झाले. त्यांतला बराचसा तपशील क्यूआर कोडमागे नेता येतो, मात्र दर १०० मिलिलिटरमागची ऊर्जा आणि ॲलर्जी निर्माण करणारे घटक लेबलावर छापावेच लागतात. त्या क्यूआर कोडने उघडणाऱ्या पानावर जाहिरात करता येत नाही आणि वाचणाऱ्याची माहितीही गोळा करता येत नाही. ही अट वाचून मला बरे वाटले आणि मालक थोडे हिरमुसले.

याच नियमांत एक सोयीची फट आहे. बहुतेक सक्तीचा मजकूर बाटली न फिरवता एकाच दृष्टिक्षेपात दिसला पाहिजे, असे नियम सांगतो. तो बाटलीच्या कोणत्या बाजूला असावा हे सांगत नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने जी बाटलीची पुढची बाजू, ती दुकानदाराच्या दृष्टीने मागची ठरू शकते. सगळी सक्ती एका लेबलावर गोळा करायची आणि दुसरे लेबल नाव, वर्ष व चित्रासाठी मोकळे ठेवायचे, हा मार्ग आज बहुतेक वाइनरी धरतात, आणि आम्हीही तोच धरला.

बारकोडचेही तिथेच उरकून घेतले. तेरा अंकी बारकोडचा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर असून तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. दुकानातले यंत्र तो लाल प्रकाशात वाचते, त्यामुळे पांढऱ्यावर लाल रेघा आपल्या डोळ्यांना स्पष्ट दिसल्या तरी यंत्राला कोरा कागदच दिसतो. लाल वाइनच्या लेबलावर मालकांना सर्व मजकूर गडद तांबड्या रंगात हवा होता. बारकोडपुरता काळा रंग ठेवण्यास ते तयार झाले ते या कारणाने. बाटलीच्या गोलाईमुळे कडेच्या रेघा दाटून येऊ नयेत म्हणून मी बारकोड आडवा फिरवून त्याच्या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक येतील असा ठेवला.

मग पुढचे लेबल. मालकांच्या मनातले चित्र म्हणजे एक रंगचित्र होते. फ्रान्समधल्या शातो मूतॉ रोथशिल्ड या प्रसिद्ध वाइनरीच्या बाटल्या त्यांनी पाहिल्या होत्या आणि आपल्याही बाटलीवर चित्रकाराचे काम असावे अशी त्यांची इच्छा होती. त्या लेबलांचा इतिहास खरोखर वाचण्यासारखा आहे. १९२४ मध्ये झां कार्ल्यू या जाहिरातचित्रकाराने त्या वाइनरीसाठी लेबल केले. युद्ध संपले त्या १९४५ सालच्या वाइनवर फिलिप ज्यूलियाँ यांनी विजयाचे व्ही हे अक्षर रेखाटले आणि तेव्हापासून दर वर्षी नवा चित्रकार ही प्रथा पडली. १९७३ च्या लेबलावर पिकासोचे चित्र आहे. १९९३ च्या लेबलावर बाल्थुसने काढलेली नग्न मुलीची आकृती होती. तिच्यावर अमेरिकेत आक्षेप आल्यावर तिथे चित्राची जागा कोरी ठेवून बाटल्या विकल्या गेल्या. मी मालकांसमोर या लेबलांची छायाचित्रे एकाखाली एक ठेवली आणि चित्रे सोडून उरलेला भाग पाहायला सांगितले. चित्र वरच्या पट्ट्यात असते. त्याखालची नाव, वर्ष आणि मजकूर यांची मांडणी मात्र वर्षानुवर्षे इतकी स्थिर राहिली आहे की चित्रकार बदलला तरी बाटली ओळखू येते. नव्या वाइनरीपाशी ती ओळखच नसते, त्यामुळे चित्र लावण्याआधी ते लावायची चौकट तयार करावी लागते. हे त्यांना पटले. रंगचित्राऐवजी वेलीच्या तणाव्याचे, म्हणजे आधाराला विळखा घालणाऱ्या तंतूचे, एक रेखाचित्र, त्याखाली मोकळ्या अंतराने मांडलेले नाव आणि तळाशी वर्ष, अशी मांडणी ठरली. दोन्ही वाइनना तीच मांडणी आणि निराळा रंग.

वाइनचे लेबल म्हटले की पिवळसर कागद, वाड्याचे बारीक रेषांतले चित्र आणि वळणदार अक्षरे डोळ्यांसमोर येतात. या ठरीव रूपामागे सौंदर्यदृष्टीइतकेच तंत्रही आहे. सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शिळाछाप शोधून काढली, आणि एकोणिसाव्या शतकात तिच्यामुळे बाटलीवर लावण्याइतके स्वस्त व बारीक रेषांचे छापील लेबल सर्वत्र शक्य झाले. शिळेवर हाताने जे सहज लिहिता व रेखाटता येत होते तेच पुढे परंपरा म्हणून टिकले. वळणदार अक्षरे मी टाळली, ती परंपरेच्या विरोधात म्हणून नव्हे, तर त्या अक्षरांचे केसासारखे बारीक भाग खरबरीत कागदावर तुटतात म्हणून. पडद्यावर रचना चारशे टक्के मोठी करून पाहण्याची सवय या कामात घातक ठरते. प्रत्येक बदलानंतर मी लेबल मूळ मापात छापून, कापून, बाटलीला चिकटपट्टीने लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवत असे, आणि बाटलीत रंगीत पाणीही भरत असे. रिकाम्या हिरव्या बाटलीवर जो फिका कागद शोभून दिसतो तो बाटली भरल्यावर जवळजवळ काळ्या पार्श्वभूमीवर येतो आणि भगभगीत पांढरा भासू लागतो. लाल वाइनच्या कागदाची छटा त्यामुळे दोनदा उतरवावी लागली.

कागदाच्या निवडीवर मी सर्वाधिक वेळ घालवला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. आजची बहुतेक लेबले स्वयंचिकट असतात. १९३५ मध्ये स्टँटन ॲव्हरी यांनी अशी लेबले यंत्रावर करून दाखवली, आणि त्या रचनेचे तत्त्व अजून तेच आहे: वर छपाईचा कागद, त्याखाली चिकटद्रव्य आणि सर्वांत खाली सिलिकोनचा थर दिलेला आधारकागद, ज्यावरून लेबल सहज सुटून येते. पुरवठादाराने नमुन्यांचे जाडजूड पुस्तक दिले. त्यात आडव्या रेघांचा पोत असलेले कागद होते, लोकरीच्या ठशासारखा मऊ पोत असलेले होते, कापसाचे तंतू मिसळलेले होते आणि गुळगुळीत, धातूचा मुलामा दिलेलेही होते. हाताला कापसाचा कागद इतका आवडतो की निवड तिथेच संपावी. परंतु पांढरी वाइन बर्फाच्या बादलीत जाते, आणि बादलीला हाताच्या आवडीशी देणेघेणे नसते.

म्हणून नमुन्यांचे तुकडे रिकाम्या बाटल्यांवर चिकटवले, एक दिवस तसेच राहू दिले म्हणजे चिकटद्रव्य पुरेसे धरेल, आणि मग बाटल्या पाण्याने भरून बर्फाच्या पाण्यात उभ्या केल्या. काय होते ते पाहण्यासारखे असते. साधा बिनलेपाचा कागद काही मिनिटांत कडेकडून करडा होऊ लागला. पाणी तंतूंमधल्या हवेची जागा घेते, कागद पारदर्शक होत जातो आणि मागची काळपट काच त्यातून दिसू लागते. करडा डाग कडेपासून आत सरकत गेला, आणि लेबल शाबूत असूनही कळकट दिसू लागले. कापसाच्या कागदावर बारीक फोड उठले. एका नमुन्याचा कोपरा सुटून पाण्यात हलू लागला. तिथे दोष कागदाचा नव्हता, चिकटद्रव्याचा होता. दोन नमुने मात्र बाहेर काढल्यावरही जवळपास पूर्वीसारखेच होते. ते ओल्या अवस्थेत टिकण्यासाठी खास बनवलेले कागद होते आणि त्यांच्या पाठीला, चिकटद्रव्याच्या वर, एक अपारदर्शक पांढरा थर होता. हा थर पाणी थोपवतोच, शिवाय कागद भिजला तरी काचेचा रंग वर येऊ देत नाही. ओला कागद नखाने घासून पाहिला तेव्हाही त्याचे भेंडोळे झाले नाही. पांढऱ्या वाइनसाठी त्यांतला किंचित पोत असलेला कागद घेतला. लाल वाइन सहसा बर्फात बुडवली जात नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला कापसाचा कागद आला, आणि हाताची हौस तिथे भागली.

छपाईची पद्धत संख्येवरून ठरली. पांढऱ्या वाइनच्या बाटल्या थोड्या होत्या, लालच्या बऱ्याच अधिक. डिजिटल छपाईत प्लेट करावी लागत नाही, त्यामुळे थोड्या प्रतींना ती परवडते. मात्र द्रवरूप टोनर वापरणाऱ्या यंत्रावर पोत असलेल्या कागदाला आधी एक आधारलेप द्यावा लागतो, नाहीतर रंग नीट धरत नाही. पांढऱ्या वाइनचे लेबल या पद्धतीने छापले. लालसाठी फ्लेक्सो निवडली. फ्लेक्सोमध्ये लवचीक फोटोपॉलिमरची उठावाची प्लेट असते. तिला शाई पुरवणाऱ्या रोलरच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे कोरलेले असतात. त्यांत शाई भरते, वरची जास्तीची शाई पाते पुसून नेते आणि खळग्यांत उरलेली तेवढीच प्लेटवर जाते. कागदावर किती शाई पडणार हे खळग्यांच्या मापाने ठरते. आपण संगणकावर निवडलेला तांबडा रंग प्रत्यक्षात कोणता उमटेल हे ठरवण्यात त्या रोलरचा वाटा माझ्याहून मोठा होता. त्यामुळे तांबडा रंग चार रंगांच्या ठिपक्यांतून न घडवता स्वतंत्र शाई म्हणून मिसळून घेतला. बारीक अक्षरे ठिपक्यांत छापली तर खरबरीत कागदावर त्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.

सोन्याचा मुद्दा शेवटपर्यंत चर्चेत राहिला. लेबलावरचे सोने म्हणजे पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर चढवलेला ॲल्युमिनियमचा थर आणि त्यावर पिवळसर लाखेचा लेप. हे फॉइल दोन प्रकारांनी लावतात. थंड पद्धतीत प्लेटने चिकटद्रव्य छापतात आणि त्यावर फॉइल दाबतात. ती वेगवान आहे, परंतु गुळगुळीत कागदावरच खुलते, कारण पोताच्या खळग्यांत फॉइल पोचत नाही. गरम पद्धतीत तापवलेला धातूचा ठसा फॉइलला कागदात दाबतो, त्यामुळे खरबरीत कागदावरही झळाळी सलग येते आणि दाबाने तिथे किंचित खोलगट भाग तयार होतो. आमचे दोन्ही कागद पोताचे असल्यामुळे गरम पद्धत ठरली. मॅग्नेशियमचा ठसा स्वस्त पडतो आणि लवकर झिजतो, पितळेचा महाग पडतो आणि टिकतो. वेलीचा तणावा दोन्ही वाइनना आणि पुढच्या वर्षांनाही वापरायचा होता, म्हणून पितळ. तणाव्याच्या रेषा मी त्याच वेळी पुन्हा काढल्या, कुठेही ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक येणार नाहीत अशा; दोन रेषांमधली मोकळी जागा त्याहून अधिक ठेवली, कारण फॉइलमध्ये रेष तुटण्यापेक्षा फट बुजण्याचाच धोका मोठा असतो.

वर्षसुद्धा सोनेरी हवे, असा मालकांचा आग्रह होता. त्यावर माझे म्हणणे स्पष्ट होते: दर वर्षी बदलणारी कोणतीही गोष्ट ठशात, उठावात (म्हणजे कागद दाबून वर आणलेल्या नक्षीत) किंवा खास रंगात घालू नये. वर्ष आणि मद्यार्काचा आकडा नुसत्या काळ्या रंगात ठेवला, तर पुढच्या वर्षी फ्लेक्सोची एकटी काळी प्लेट बदलावी लागते. वर्ष सोन्यात घातले, तर दर वर्षी नवा ठसा करावा लागतो. त्यांनी हिशोब केला आणि वर्ष काळे झाले. आता पाहताना मला ते सोन्याहून चांगले वाटते, पण त्या वेळी मी सौंदर्याचा मुद्दा काढलाच नाही, कारण हिशोबाने काम होत असताना तो काढण्याची गरज नव्हती.

मुद्रणालयाला द्यायच्या फाइलचा भाग कंटाळवाणा असतो, म्हणून थोडक्यात सांगते. फॉइल, उठाव, वार्निश आणि कापाची रेषा यांपैकी प्रत्येक गोष्ट स्वतंत्र नावाच्या स्वतंत्र रंगात द्यायची आणि ती खालच्या रंगांना खोडणार नाही अशी ठेवायची. रंग कापाच्या रेषेबाहेर २ मिलिमीटर वाढवायचा. लहान काळी अक्षरे फक्त काळ्या शाईत द्यायची; चार रंगांच्या मिश्रणातला काळा मोठ्या पृष्ठभागावर भरदार दिसतो, पण लहान अक्षरांत रंग थोडे सरकले की अक्षराला रंगीत सावली येते. कोपरे टोकदार ठेवायचे नाहीत.

कोपऱ्यांचे कारण मला छपाईच्या दिवशी यंत्राजवळ नीट दिसले. लेबलाचा काप वरच्या कागदातून जातो, पण आधारकागदाला लागत नाही, आणि लेबलांभोवतीची उरलेली जाळी त्याच वेळी वर ओढून गुंडाळली जाते. टोकदार कोपऱ्यावर जाळीवर एका ठिकाणी ताण येतो आणि ती तुटते; जाळी तुटली की यंत्र थांबते. आमच्या लेबलांचे कोपरे दीड मिलिमीटर त्रिज्येने वळवलेले होते आणि जाळी अखंड वर जात राहिली. काप किती खोल बसला आहे हे पाहण्याची मशीनमनची रीत मला फार आवडली. त्यांनी लेबले काढून टाकली, उघड्या आधारकागदावर जाड मार्करची शाई फिरवली आणि ती लगेच पुसली. जिथे पात्याने सिलिकोनचा थर ओरखडला होता तिथे शाई मुरून एक बारीक रेघ उमटली. ती एका कोपऱ्यात गडद होती.

“या बाजूला दाब जास्त आहे, मॅडम. हे असंच सोडलं तर बाटलीवर लावताना आधारकागद इथंच फाटेल,” असे म्हणून त्यांनी दाब कमी केला आणि पुन्हा शाई फिरवली. रेघ सगळीकडे सारखी फिकट होईपर्यंत ते पुढे गेले नाहीत.

रंग पाहण्यासाठी ५००० केल्विन प्रकाशाची पेटी होती. खिडकीतल्या उजेडात, यंत्रावरच्या दिव्याखाली आणि पेटीत तोच तांबडा तीन प्रकारे दिसला. मान्य करायचा तो पेटीतला. कापसाच्या कागदाने शाई शोषल्यामुळे तांबडा सुरुवातीला मातकट आला, तेव्हा अधिक खोल खळग्यांचा रोलर चढवण्यात आला आणि रंगाला हवा तो गडदपणा मिळाला. त्यानंतर फॉइल. मशीनमनने मला भिंगातून तणाव्याचे टोक दाखवले: सोन्याच्या कडेला बारीक तंतूंसारखी पिसे राहिली होती. ठशाचे तापमान थोडे उतरवल्यावर ती गेली.

“आणि उठाव वेगळा घ्यायचा, की फॉइलबरोबरच?” त्यांनी विचारले. एकाच पितळी ठशाने दोन्ही गोष्टी साधता येतात, आणि मग सोने व उठाव एकमेकांपासून सरकण्याचा प्रश्नच उरत नाही. ठसा मी तसाच करून घेतला होता. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पांढऱ्या वाइनच्या रिळांसाठी तोच ठसा बाजूला ठेवायला मदतनिसाला सांगितले.

रीळ कसे गुंडाळायचे हा प्रश्न रचनाकाराच्या कक्षेत येत नाही असे समजले जाते, पण तो फॉर्म मी स्वतः भरला. लेबले रिळाच्या बाहेरच्या बाजूला असावीत की आतल्या, आणि यंत्रात आधी लेबलाची डावी कड जावी की उजवी, हे लावणाऱ्या यंत्रावरून ठरते. दिशा चुकली तर सगळी रिळे पुन्हा गुंडाळावी लागतात. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचा व्यास ७६ मिलिमीटर हवा, हेही त्या यंत्राच्या मालकाने लिहून दिले होते. मी भर घातली ती एवढीच की रिळे घट्ट ओढू नयेत आणि फार मोठी करू नयेत, कारण ताणाखाली उठाव दबून सपाट होतो.

लेबले प्रत्यक्ष लागली त्या दिवशी यंत्र सुरू व्हायला उशीर झाला, आणि तो यंत्रामुळे नव्हे. पांढरी वाइन गार ठिकाणाहून आणली होती आणि बाटल्यांना घाम फुटला होता. हवेतली वाफ थंड काचेवर साचते, आणि ओल्या काचेवर चिकटद्रव्य आज धरले तरी उद्या सरकते. बाटल्या खोलीच्या तापमानाला येऊन कोरड्या होईपर्यंत थांबावे लागले. तोपर्यंत लालची रिळे चढवली. लेबल दाबून बसवणारा रोलर कडक रबराचा होता. त्याखालून गेलेल्या पहिल्या काही बाटल्यांवर तणाव्याचा उठाव स्पष्टपणे दबलेला दिसला, म्हणून तो रोलर काढून मऊ स्पंजाचा लावून घेतला. पुढच्या आणि मागच्या लेबलांची खालची कड एका उंचीवर यायला थोडी जुळवाजुळव लागली. बाटली समोर धरल्यावर हा फरक कळतच नाही. ती बाजूने पाहिली की एक मिलिमीटरही खुपतो, आणि दुकानाच्या फळीवर बाटल्या नेहमी सरळ तोंड करून उभ्या नसतात.

पांढऱ्या वाइनच्या तयार बाटल्यांपैकी दोन मी वाइनरीतच बर्फाच्या पाण्यात ठेवून पाहिल्या. आधीची चाचणी कोऱ्या कागदाची होती. आता त्यावर आधारलेप, टोनर आणि फॉइल चढलेले होते. कागद पांढरा राहिला, फॉइल जागचे हलले नाही, आणि एका बाटलीच्या मागच्या लेबलाची कड बोटाने चोळली तेव्हा किंचित मऊ लागली, तेवढेच. पुढच्या खेपेसाठी मुद्रणालयाला त्या लेबलावर कडेपर्यंत संरक्षक वार्निश घ्यायला सांगितले आहे. लालसाठी नवी काळी प्लेट पुढच्या वर्षाच्या वाइनमधला मद्यार्काचा आकडा प्रयोगशाळेतून आला की करायची आहे. पितळी ठसा आणि तांबड्या शाईचे मिश्रण जसेच्या तसे वापरले जाईल.